वडिलांचा ताप, जीन सिक्वेन्सिंगचा रिपोर्ट आणि 'एआय स्कोअर' : कितपत धरून चालायचं?

चादरवाला · गुरुवार, रात्री ९:४०

मंडळी, इथे मी एरवी नुसता वाचत असतो. आज लिहायची वेळ आली.

वडील, वय ६७. यंत्रमागावर जॉबर म्हणून आयुष्य काढलं, आता घरीच असतात. गेला सव्वा महिना ताप आहे. सकाळी माणूस ठणठणीत, कडक भाकरी नि शेंगाचटणी मागून खातो. दिवेलागण झाली की हुडहुडी. रात्री घाम असा की बनियन पिळून घ्यावं. कंबर धरली आहे, वजन सात किलो उतरलंय.

मलेरिया नाही, डेंग्यू नाही. विडाल 'थोडी पॉझिटिव्ह' आली म्हणून टायफॉईडची औषधं दोनदा देऊन झाली. ब्लड कल्चर निगेटिव्ह. छातीचा फोटो साफ. बेडका पडतच नाही, मग तपासणार काय? सोनोग्राफीत स्प्लीन जराशी वाढलेली. शेवटी डॉक्टर म्हणाले, रक्ताचं सिक्वेन्सिंग करून बघू. जो कोणी जंतू असेल त्याचा डीएनए सापडतो आणि त्यातला खरा कोण ते कॉम्प्युटर सांगतो. नमुना बाहेरगावच्या लॅबला गेला. बिल पाच आकडी.

काल रिपोर्ट आला, अकरा पानांचा. वरती 'निश्चित रोगकारक आढळला नाही'. खाली जंतूंची जंत्री आणि प्रत्येकापुढे एक स्कोअर. डॉक्टर म्हणतात यात काही निघालं नाही, सोमवारपासून टीबीची औषधं सुरू करू, उतार पडला तर टीबीच समजायचा.

एवढे पैसे घालून 'काही निघालं नाही' याचा अर्थ आजार नाही, की यंत्राला दिसला नाही? यातलं कळणारं कुणी आहे का इथे?

कडक_भाकरी · गुरुवार, रात्री ९:५२

वडिलांना लवकर बरं वाटो. बाकी सोलापुरात मे महिन्यात ४४ डिग्रीत कुणाला ताप नसतो ते सांगा बे.

जुनं_ते_सोनं · गुरुवार, रात्री १०:०५

स्पष्टच बोलतो, राग मानू नका. सगळे पैसे उकळायचे धंदे. आमच्या वेळी डॉक्टर जीभ बघायचे, पापणी ओढून बघायचे, पोट दाबायचे आणि सांगायचे. आता डॉक्टर पेशंटकडे बघतच नाही, स्क्रीनकडे बघतो. त्यात हे एआय. गुळवेलीचा काढा सुरू करा, बाकी सोडा.

शेंगाचटणी · गुरुवार, रात्री १०:११

@जुनं_ते_सोनं, तुमच्या वेळी पोट दाबून जे सांगितलं ते चुकलं तर सांगायला पेशंट परत यायचा नाही, म्हणून सगळं बरोबरच वाटायचं.

सूक्ष्मदर्शी · गुरुवार, रात्री १०:४८

मी मायक्रोबायॉलॉजीत आहे. इथे बसून निदान करत नाही आणि औषध सांगणार नाही, पण ही तपासणी काय करते तेवढं सांगतो.

एरवी आपण एकेका संशयिताची चौकशी करतो. डेंग्यूची टेस्ट डेंग्यूपुरती, मलेरियाची मलेरियापुरती. ज्याचं नाव डॉक्टरच्या डोक्यात आलं नाही त्याची टेस्ट होत नाही. मेटाजीनोमिक सिक्वेन्सिंगमध्ये उलटं असतं. रक्तात तरंगणारा सगळा डीएनए घ्यायचा, त्याचे लाखो बारीक तुकडे वाचायचे आणि प्रत्येक तुकडा कुणाचा ते यादीशी ताडून बघायचं. संशयित आधी ठरवावा लागत नाही.

अडचण अशी की रक्तातला जवळजवळ सगळा डीएनए पेशंटचाच असतो. माणसाचा जीनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. टीबीच्या जंतूचा ४४ लाखांचा, म्हणजे त्याच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास, आणि तो जंतूही रक्तात मूठभरच. ज्वारीच्या पोत्यात बाजरीचे चार दाणे पडलेत, ते शोधायचे.

दुसरी अडचण त्याहून खट्याळ. ते चार दाणे पोत्यातलेच, की पोतं ओतताना जमिनीवरून आले? सुई टोचताना त्वचेवरचे जंतू येतात. लॅबच्या रसायनांत, शुद्ध म्हणवणाऱ्या पाण्यातही जंतूंचा डीएनए असतो. म्हणून चांगली लॅब प्रत्येक खेपेला नुसतं पाणीही नमुन्यासारखं चालवते आणि पाण्यात जे निघालं ते वजा धरते.

तेव्हा 'काही आढळलं नाही' म्हणजे 'काही नाही' असं होत नाही. अमेरिकेत २०१९ साली मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराच्या २०४ पेशंटांवरचा अभ्यास आला होता. एकूण ५८ संसर्ग सापडले. त्यातले १३ फक्त सिक्वेन्सिंगनं पकडले, बाकी कुठल्याच टेस्टला दिसले नव्हते. १९ दोन्हींना दिसले. आणि २६ संसर्ग नेहमीच्या टेस्टांनी पकडले पण सिक्वेन्सिंगला दिसले नाहीत. हे तिन्ही आकडे एकत्र धरा. जाहिरातीत पहिला तेवढा असतो.

बाकी एक. दूध उकळून पिता ना? घरात जनावरं? बाहेरगावी कुठे जाणं झालं? विडालबद्दल नंतर बोलतो, विषय निघाला की माझं बीपी वाढतं.

चादरवाला · गुरुवार, रात्री ११:०२

@सूक्ष्मदर्शी सर, मनापासून आभार. आम्ही शहरात राहतो, पिशवीचं दूध, आई दोनदा उकळते. जनावरं नाहीत. प्रवास म्हणाल तर मुंबई-पुण्याला कुणी गेलेलं नाही.

हुतात्मा_एक्स्प्रेस · गुरुवार, रात्री ११:१५

नमुना माझ्यानं गेला होता का? वेळेवर पोचला असणार.

आकडेमोड · शुक्रवार, सकाळी ७:३०

मूळ गाव अक्कलकोट, पोटापाण्याला हिंजवडी. मशीन लर्निंगवर घर चालतं, म्हणून 'स्कोअर'बद्दल लिहितो.

ह्या क्षेत्रात मशीन लर्निंगची साधारण तीन कामं आहेत. पहिलं वरती सरांनी सांगितलं तेच: सापडलेल्या जंतूंतला गुन्हेगार कोण आणि बघे कोण. मॉडेलला जुने नमुने दाखवतात, अमुक जंतू पाण्याच्या नमुन्यात किती वेळा आला, एरवीच्या नमुन्यात किती, या नमुन्यात त्याच्या किती पट. त्यावरून स्कोअर.

दुसरं काम मला जास्त आवडतं. जंतूला शोधायचंच नाही, आपल्या शरीरानं काय बोंब मारली ते ऐकायचं. विषाणू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी एका ठरावीक जातीची जनुकं चालू करतात, जिवाणू शिरला की दुसरी. कॅलिफोर्नियातल्या एका गटानं २०१८ साली आयसीयूतल्या पेशंटांच्या फुप्फुसाच्या नमुन्यांवर ह्या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या: जंतूही बघायचा आणि शरीराची प्रतिक्रियाही. चोर दिसला नाही तरी कुत्री कोणत्या बाजूला भुंकतात ते कळतं.

तिसरं, औषध लागू पडेल का ते जंतूच्या जनुकांवरून ओळखणं. त्यावर टीबीवाल्यांनी लिहावं.

सिक्वेन्सिंग थोतांड नाही हे मात्र सांगतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेली केस: विस्कॉन्सिनचा १४ वर्षांचा मुलगा, जन्मजात प्रतिकारशक्ती कमी, मेंदूला सूज. मेंदूचा तुकडा काढून तपासला तरी निदान नाही. शेवटी पाठीच्या पाण्याचं सिक्वेन्सिंग. ३० लाखांहून जास्त तुकड्यांपैकी ४७५ लेप्टोस्पायरा नावाच्या जिवाणूचे निघाले. नमुना आल्यापासून ४८ तासांत उत्तर. साध्या पेनिसिलिननं पोरगा घरी गेला.

पण मॉडेलला जे दाखवलं तेवढंच ते शिकतं. न्यूमोनियाचे एक्स-रे ओळखणाऱ्या एका मॉडेलची २०१८ सालची गोष्ट: शिकलेल्या हॉस्पिटलात हुशार, दुसऱ्या हॉस्पिटलात गडगडलं. खोदून बघितलं तर फोटो कुठल्या हॉस्पिटलचा हे त्याला फोटोवरूनच कळत होतं. जिथे न्यूमोनियाचे पेशंट जास्त, तिथला फोटो दिसला की न्यूमोनिया. आमच्या शाळेतला एक मित्र असाच पास झाला, प्रश्न न वाचता पर्यायांची लांबी बघून.

@चादरवाला, जंत्री पूर्ण टाकता का? नाव, आकडा, स्कोअर. वडिलांचं नाव झाका.

जुनं_ते_सोनं · शुक्रवार, सकाळी ८:०२

म्हणजे हिंजवडीवाल्यांनीच कबूल केलं की कॉम्प्युटर कॉपी करून पास होतो. माझं म्हणणं वेगळं काय होतं?

विडीकामगाराची_लेक · शुक्रवार, दुपारी १:२०

टीबीवर मी लिहिते. टीबीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, आणि आईला टीबी झाला होता तेव्हा मी नववीत होते. आई विड्या वळायची, घरात तंबाखूची धूळ. खोकला सगळ्यांनाच, म्हणून आईच्या खोकल्याकडे चार महिने कुणी बघितलं नाही. तेव्हा बेडका काचेवर पसरून रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. औषध लागू पडतंय का हे कळायला कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायचे, त्याला महिने.

आता सीबीनॅट यंत्र दोन तासांत सांगतं, जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन ह्या टीबीच्या औषधाला दाद देतोय का. आपल्या गोव्यात बनलेलं ट्रूनॅट तर छोट्या केंद्रातही चालतं. ही यंत्रं अख्खा जंतू वाचत नाहीत. रिफाम्पिसिनसाठी आरपीओबी नावाच्या जनुकाचा ८१ अक्षरांचा एक तुकडा आहे, बहुतेक बदल तिथेच होतात, तेवढा बघतात. इस्वातिनी देशात गोची झाली. तिथल्या जंतूत बदल त्या ८१ अक्षरांच्या बाहेर होता. यंत्र म्हणायचं औषध चालेल, पेशंट बरा व्हायचा नाही. सिक्वेन्सिंग केलं तेव्हा उलगडलं.

म्हणून आता डब्ल्यूएचओनं कोणत्या बदलानं कोणतं औषध निकामी होतं त्याची यादीच केली आहे. २०२१ ला पहिली, ३८ हजारांहून जास्त जंतूंवरून. २०२३ ला दुसरी, ५२ हजारांहून जास्त. एवढ्या बदलांतून खरे कोणते नि उगाच सोबत आलेले कोणते हे माणसानं बसून काढणं होणार नाही, तिथे आकडेमोड भाऊंचं काम लागतं.

@चादरवाला दादा, टीबीची औषधं अंदाजानं सुरू करायच्या आधी एकदा आणखी विचारा एवढंच म्हणेन. कधी कधी तसं करावं लागतं, डॉक्टर चूक आहेत असं नाही. पण सहा महिन्यांचा प्रश्न आहे.

कडक_भाकरी · शुक्रवार, दुपारी १:४४

@लेक ताई, साष्टांग नमस्कार. ह्या धाग्यावर मी पहिल्यांदा गप्प बसतो.

गड्ड्यातला_पाळणा · शुक्रवार, दुपारी २:३०

अवांतर: सिक्वेन्सिंगचा विषय आला की चीन आठवतो, आणि चीन म्हटलं की डॉ. कोटणीस. आपल्या सोलापूरचे. १९३८ ला गेले, १९४२ ला तिथेच वारले, वय अवघं ३२. भैय्या चौकातून रोज जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल? कोविडचा विषाणूसुद्धा असाच सापडला, पेशंटच्या फुप्फुसातलं पाणी सिक्वेन्स करून, आणि जानेवारी २०२० मध्ये त्याची अक्षरं जगासमोर आली. तिथून पुढे सगळ्या आरटीपीसीआर.

शेंगाचटणी · शुक्रवार, दुपारी २:४१

अवांतर नाहीये की. छान आहे.

डाळिंबराव · शुक्रवार, संध्याकाळी ६:१५

आम्ही सांगोल्याकडचे, आम्हाला माणसातलं कळत नाही, डाळिंबातलं विचारा. तेल्या आला तेव्हा गावोगाव बागा काढून टाकल्या लोकांनी. पानावर तेलकट डाग, मग फळ तडकतं. पण सुरुवातीचा डाग तेल्याचा का दुसऱ्या बुरशीचा हे उघड्या डोळ्यानं आम्हाला बी कळत नाही आणि औषध दुकानदाराला तर मुळीच नाही. तो दोन्ही फवारायला देतो. तेल्या हा जिवाणू, त्याच्यावर बुरशीनाशक मारून काय उपयोग? सोलापूरला डाळिंबाचं केंद्र आहे राष्ट्रीय, तिथं पान दिलं की नीट सांगतात.

आता मोबाईलवर फोटो काढून रोग सांगणारी ॲपं आलीत. एकानं माझ्या पानावरच्या धुळीला रोग म्हटलं. धुतलं की बरा झाला.

तुमच्या डॉक्टरचं विडाल बघून औषध देणं हे दुकानदाराच्या फवारणीसारखंच वाटलं, माफ करा.

सूक्ष्मदर्शी · शुक्रवार, रात्री ९:२०

@डाळिंबराव, अगदी नेमकं बोललात. विडाल ही टेस्ट १८९६ सालची. रक्तात टायफॉईडविरुद्ध अँटिबॉडी आहेत का एवढंच सांगते. आपल्याकडे पूर्वी कधीतरी टायफॉईड झालेला असतो, लस घेतलेली असते, दुसऱ्याच तापात जुन्या अँटिबॉडी वर येतात. एकदाच केलेल्या विडालवर टायफॉईड ठरवू नये हे आम्ही कित्येक वर्षं शिकवतो आणि गल्लोगल्ली तेच चालतं, कारण स्वस्त आहे, तासाभरात कागद हातात येतो आणि पेशंटला तापाला नाव मिळतं. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, कुठल्याही घरात विचारा, 'टायफॉईड निघाला होता' सगळ्यांकडे.

थांबतो. बीपी.

चादरवाला · शुक्रवार, रात्री ९:५८

उशिराबद्दल माफी. वडिलांना आज १०२ होता. जंत्री टाइप करतोय, इंग्रजी नावं जमेल तशी मराठीत लिहिली आहेत.

'महत्त्वाचे' सदरात: काही नाही.
'संशयास्पद': एपस्टाइन-बार विषाणू, ३ तुकडे, स्कोअर ०.३४.
'बहुधा दूषितीकरण': क्युटिबॅक्टेरियम, २१२ तुकडे, ०.०२. राल्स्टोनिया, ८८ तुकडे, ०.०१. ऑक्रोबॅक्ट्रम/ब्रुसेला गट, ९ तुकडे, ०.०६. ब्रॅडीरायझोबियम, १४ तुकडे, ०.०१.

डॉक्टरांनी पहिलं पान वाचून मिटलं. त्यांचाही दोष नाही, बाहेर पन्नास पेशंट बसले होते.

कडक_भाकरी · शुक्रवार, रात्री १०:०३

ही नावं वाचून मलाच थंडी वाजायला लागली.

डाळिंबराव · शुक्रवार, रात्री १०:२०

थांबा थांबा. ब्रुसेला म्हणजे ब्रुसेलोसिस का? हे नाव आम्हाला माहीत आहे की. गाय-म्हैस गाभडली की जनावरांचा डॉक्टर हेच म्हणतो. सरकारी लस बी असते त्याची, कालवडीला चार ते आठ महिन्यांत टोचतात. आमच्या शेजारच्याची म्हैस सातव्या महिन्यात गाभडली तेव्हा डॉक्टरनं दम दिला होता, उघड्या हातानं वार काढू नका, माणसाला बी लागतो.

वडील जनावरात असतात का हो तुमचे?

चादरवाला · शुक्रवार, रात्री १०:३१

आमच्याकडे नाहीत. पण... एप्रिल-मे वडील गावी होते, मोहोळ तालुक्यात, काकांकडे. दरवर्षी उन्हाळ्यात जातात. काकांच्या सात-आठ उस्मानाबादी शेळ्या आहेत. सरांनी प्रवास विचारला तेव्हा हे डोक्यातच आलं नाही. गावी जाणं म्हणजे प्रवास थोडाच.

आत्ता वडिलांना उठवून विचारलं. म्हणाले, "रोज सकाळी धारोष्ण दूध पीत होतो, शेळीचं, ताकदीला चांगलं." आणि दोन शेळ्या गाभडल्या होत्या. एकीचं यांनीच काढलं.

सूक्ष्मदर्शी · शुक्रवार, रात्री १०:५५

चादरवाला, सकाळी डॉक्टरांना फोन करा, सोमवारची वाट बघू नका. उद्याच्या उद्या रक्त द्या: ब्रुसेलाविरुद्ध अँटिबॉडी आहेत का ते सांगणारी रोझ बेंगाल, आणि किती आहेत ते सांगणारा ॲग्लुटिनेशनचा टायटर. महाग नाहीत. ब्लड कल्चर परत पाठवणार असाल तर लॅबला आधीच सांगा की ब्रुसेलाचा संशय आहे. दोन कारणं. हा जंतू सावकाश वाढतो, सांगितलं तर बाटली लवकर फेकत नाहीत. आणि लॅबमधल्या माणसांना लागण होणाऱ्या जंतूंत ह्याचा नंबर बराच वरचा आहे.

संध्याकाळचा ताप, घाम, कंबर, स्प्लीन. १८८७ साली डेव्हिड ब्रूसनं माल्टा बेटावरच्या सैनिकांत हा जंतू शोधला, तिथल्या तापाचं वर्णन वाचा, तुमच्या वडिलांचंच वाटेल. तो कुठून येतो हे कळायला पुढे १८ वर्षं गेली. १९०५ मध्ये झॅमिट नावाच्या माल्टी डॉक्टरनं तिथल्या शेळ्यांच्या रक्तात तो दाखवला. धट्टीकट्टी दिसणारी शेळी आणि तिचं कच्चं दूध.

अजून काही सिद्ध झालेलं नाही, नऊ तुकडे म्हणजे पुरावा नव्हे. पण टीबीची औषधं आधी घालू नका असं डॉक्टरांशी जरूर बोला. त्यातलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं. थोडा उतार पडेल, सगळे म्हणतील टीबीच होता, आणि आजार आत तसाच राहील.

मी काल दुधाचं विचारलं आणि 'पिशवीचं' ऐकून पुढे गेलो. 'गेल्या सहा महिन्यांत कुठेही' असं विचारायला हवं होतं. माझी चूक.

आकडेमोड · शुक्रवार, रात्री ११:४०

झोप उडाली. ०.०६ का आला असेल यावर माझा अंदाज लिहितो, सरांनी दुरुस्त करावा.

'ऑक्रोबॅक्ट्रम/ब्रुसेला गट' असं एकत्र का लिहिलंय? ऑक्रोबॅक्ट्रम म्हणजे माती-पाण्यातला, एरवी निरुपद्रवी जंतू. दोघांचा डीएनए खूप मिळताजुळता. इतका की २०२० साली वर्गीकरणवाल्यांनी ऑक्रोबॅक्ट्रमला ब्रुसेलाच्याच घरात घातलं, आणि डॉक्टर लोकांनी बोंबाबोंब केली की अहो, एकानं माणूस सहा आठवडे औषधावर पडतो आणि दुसरा नळाच्या पाण्यात असतो, एकच नाव देऊन चालेल का? तो वाद अजून चालूच आहे.

आता मॉडेलच्या बाजूनं बघा. 'ऑक्रोबॅक्ट्रम/ब्रुसेला' हा गट त्याला जुन्या नमुन्यांत ठिकठिकाणी दिसला असणार, पाण्याच्या नमुन्यातसुद्धा. म्हणजे कचरा. स्कोअर खाली. त्याच्या हिशेबानं बरोबरच आहे. आडनावावरून माणूस ओळखायला गेलं की असं होतं. मोहोळच्या शेळ्यांबद्दल त्याला कुणी सांगितलेलंच नाही, फॉर्मवर तो रकानाच नसणार.

ते नऊ तुकडे नेमके कोणते हे लॅबकडून मागवता येईल का? दोघांत वेगळ्या असणाऱ्या जागांवरचा एखादा जरी असला तरी फैसला होईल.

विडीकामगाराची_लेक · शनिवार, सकाळी ६:५०

फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना असतो. आम्ही 'निवृत्त' लिहितो आणि पुढे जातो. आजपासून लिहिणार नाही.

जुनं_ते_सोनं · शनिवार, सकाळी ७:१५

मी परवाच म्हणालो होतो, डॉक्टरनं पेशंटशी बोललं पाहिजे. कॉम्प्युटरनं ०.०६ दिला, डाळिंबवाल्यानं ओळखलं.

डाळिंबराव · शनिवार, सकाळी ७:४०

ओ आजोबा, ते नाव कागदावर आलं म्हणून मी ओळखलं. काढ्याच्या बाटलीवर आलं असतं का?

शेंगाचटणी · शनिवार, सकाळी ७:४३

🔥🔥 डाळिंबराव, शनिवार सार्थकी लावलात.

संपादक · शनिवार, सकाळी ९:००

काढ्यांसाठी वेगळा धागा आहे, कृपया तिकडे. वैयक्तिक शेरे नकोत. वैद्यकीय निर्णय आपापल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावेत.

मूळगाव_बार्शी · रविवार, दुपारी १२:१०

वाचतोय. आमच्याकडे डेंग्यू झाला की प्लेटलेट वाढायला शेळीचं कच्चं दूध द्यायची पद्धत पडली आहे, शंभर-दोनशे रुपये पाव लिटर देऊन लोक आणतात. ते उकळून दिलं तर 'ताकद जाते' म्हणतात. ह्या धाग्याची लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. मावशी ग्रुप सोडून गेली.

गड्ड्यातला_पाळणा · रविवार, दुपारी १२:४०

एक शंका. मग खरवसाचं काय? चीक तर गाभण जनावर व्यालं की लगेचचाच असतो.

सूक्ष्मदर्शी · रविवार, दुपारी १:१५

खरवस वाफवून नीट शिजतो, बिनधास्त खा. जपायचं ते कच्च्या दुधाला आणि कच्च्या दुधाच्या लोण्या-पनीराला. चीक काढणाऱ्या, वार उचलणाऱ्या हातांना तर जास्तच, जखम असेल तर विशेष. ज्याला दूध नको पण जनावरात वावर आहे तोही सुटत नाही.

हुतात्मा_एक्स्प्रेस · सोमवार, रात्री ८:३०

धागाकर्ते कुठे गेले? आज सोमवार.

चादरवाला · मंगळवार, रात्री १०:२५

आलो. दोन दिवस धावपळ होती. वारीमुळे निम्मा स्टाफ पंढरपूरच्या ड्यूटीवर, त्यामुळे सगळ्यालाच वेळ लागला.

शनिवारी डॉक्टरांना फोन केला. मला वाटलं चिडतील, इंटरनेटवरचं घेऊन आला म्हणून. ते दोन मिनिटं गप्प झाले आणि म्हणाले, "शेळ्यांचं आधी का नाही सांगितलं?" मी म्हणालो, "तुम्ही विचारलं नाही." मग दोघंही हसलो. टीबीची औषधं थांबवली.

रोझ बेंगाल पॉझिटिव्ह. टायटरही बराच वर आलाय. कल्चर चालू आहे, लॅबला आधी सांगितलं तेव्हा तिथला माणूस म्हणाला, बरं झालं सांगितलंत. @आकडेमोड, सिक्वेन्सिंगच्या लॅबला मेल केला होता. त्यांनी परत बघून कळवलं की नऊपैकी दोन तुकडे ऑक्रोबॅक्ट्रमशी जुळत नाहीत, ब्रुसेलाशीच जुळतात. सुधारित रिपोर्ट पाठवलाय. स्कोअरची ओळ त्यात काढूनच टाकली आहे!

औषधं काल सुरू झाली, दोन प्रकारची, गोळ्या सहा आठवडे आणि सोबत काही दिवस इंजेक्शनं. आज संध्याकाळी ताप १०० च्या वर गेला नाही. एका दिवसात काही ठरत नाही हे कळतं, तरी लिहिलं.

पैसे वाया गेले का, हा माझाच प्रश्न होता. मला वाटतं नाही, पण आधी आम्ही नीट बोललो असतो तर कदाचित ते लागलेच नसते. वडिलांचं दुसरंच चाललंय, सहा आठवडे गावी जायचं नाही म्हणून रुसलेत.

काकांनाही बारीक कणकण आहे म्हणे, त्यांचं रक्त उद्या.

विडीकामगाराची_लेक · मंगळवार, रात्री १०:३३

खूप बरं वाटलं दादा. काकूंचंही तपासा, धार कोण काढतं घरात? आणि उतार पडला की गोळ्या सोडायच्या नाहीत, सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे. हे मी रोज टीबीवाल्यांना सांगते, सवयीनं तोंडात येतं.

आकडेमोड · मंगळवार, रात्री १०:५०

दोन तुकडे! ज्वारीच्या पोत्यात दोन दाणे. उद्या ऑफिसात हीच केस सांगणार, नावं गाळून.

चादरवाला · मंगळवार, रात्री ११:०५

धार काकूच काढते. बरोबर, सांगतो.

काका म्हणतात शेळ्यांची भानगडच नको, रविवारी सांगोल्याच्या बाजारात नेऊन विकून टाकतो.

डाळिंबराव · मंगळवार, रात्री ११:१२

अहो विकणार कुणाला? मी सांगोल्यातच राहतो. आधी जनावरांच्या डॉक्टरला बोलवून सगळ्यांचं रक्त काढा, मग बघू. रविवारी मी बाजारात असतो, काकांचा नंबर निरोपातून पाठवा.